पाचव्या गटातले सर

सृष्टीतल्या प्रत्येक वस्तूला तिची ठरलेली जागा असते, आणि ती जागा ओळखणं हेच मानवी बुद्धीचं सर्वोच्च कार्य आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते वीर स्टेशनाच्या बाहेर. बोलणारे गृहस्थ तेव्हा शेअर रिक्षात पुढे, ड्रायव्हरने सोडलेल्या चार बोटं जागेवर टेकले होते. एक पाय बाहेर लोंबत होता. मांडीवर नेच्याची कुंडी होती. मागे मी, माझी ट्रंक आणि एक मासळीवाली होती, आणि आमच्या तिघांतही जागेचा प्रश्न सुटलेला नव्हता.

"काका, पाय आत घ्या," ड्रायव्हर म्हणाला. "नायतर जागा ऱ्हाईल नि पाय जाईल."

गृहस्थांनी पाय आत घेतला आणि मान वळवून मला विचारलं, "आपलं मूळ कुठलं?"

मी सांगितलं की वडिलांची बदलीची नोकरी होती, त्यामुळे तसं एक गाव असं काही सांगता येत नाही.

"मूळ नाही," ते म्हणाले. "घर?"

"भाड्याचं. अजून बघायचंय."

"खोडही नाही. थॅलोफायटा." हे शेवटचं त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, निदान सांगितल्यासारखं.

"ते कुठशी आलं?" ड्रायव्हरने विचारलं. "यष्टी जाते का थय?"

महाडला कॉलेजच्या गेटवर आम्ही दोघंही उतरलो तेव्हा कळलं की मी तिथे ग्रंथपाल म्हणून रुजू व्हायला आलो आहे आणि ते तिथे वनस्पतिशास्त्र शिकवतात. मला वाटलं, आता जरा ओशाळतील. ते म्हणाले, "अरे वा. म्हणजे अभ्यासाला सापडाल."

ज्यांनी शाळेत हा धडा ऑप्शनला टाकला होता त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. वनस्पतींचे पाच मोठे गट पाडतात. सगळ्यांत खाली थॅलोफायटा, म्हणजे शेवाळं: मूळ नाही, खोड नाही, पान नाही, नुसतं पसरणं. त्यावर ब्रायोफायटा, म्हणजे पावसाळ्यात भिंतीवर मखमलीसारखं चढतं ते मॉस. ओल असेल तोवर त्याचा संसार. मग टेरिडोफायटा, म्हणजे नेचे. यांना मूळ, खोड, पान, आतून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, सगळा थाट असतो. फूल आणि फळ तेवढं नसतं. चौथे अनावृत्तबीजी. यांना बी येतं, पण उघड्यावर, फळाचं पांघरूण न घेता. पाइन, देवदार, सायकस ही मंडळी. आणि सर्वांत वर आवृत्तबीजी, ज्यांचं बी फळात झाकलेलं असतं. आंब्यापासून भातापर्यंत आपल्याला दिसतं आणि आपण खातो ते जवळजवळ सगळं या पाचव्या गटातलं. बहुतेकांच्या डोक्यात हे दहावीला येतं आणि निकालाच्या दिवशी निघून जातं. सरांच्या डोक्यात ते राहायला आलं आणि मग दुसऱ्या कशाला तिथे जागा उरली नाही.

स्टाफरूममधल्या प्रत्येकाचा गट त्यांनी ठरवलेला होता आणि तो त्या त्या माणसाला कळवलेलाही होता. ऑफिसातला हेडक्लार्क अनावृत्तबीजी, कारण त्याच्या पोटात काही राहत नसे. गणपतीला मुंबईहून येणारे चाकरमानी ब्रायोफायटा: पावसात हिरवे, ऑक्टोबरात गायब. प्राध्यापक मंडळी सरसकट टेरिडोफायटा. "पदव्या आहेत, पगार आहे, आतून नळ्या चालू आहेत," सर चहाचा कप खाली ठेवत म्हणायचे, "फळ दाखवा." फळ कोणी दाखवत नसे. प्राचार्यांना त्यांनी एकदा खास सन्मान म्हणून 'नेच्यांमधला वृक्षनेचा' म्हटलं होतं. प्राचार्यांनी तो बरेच दिवस गौरव समजून मिरवला.

स्वतः सर कुठे होते हे विचारायची गरज नव्हती. मुलं त्यांना मागून 'पाचवा गट' म्हणत. सरांना ते माहीत होतं. ही टिंगल आहे असा संशय त्यांना कधी आला नाही.

"आणि वहिनी?" मी एकदा विचारलं.

"तो अभ्यास चालू आहे," सर म्हणाले.

वहिनी तिथेच पोह्यांच्या बशा घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तीस वर्षं चालू आहे, भावोजी. नमुना कंटाळला."

जेवणाचं ताट सरांसाठी भूगोलाचा नकाशा होता. भात एकबीजपत्री, डाळ द्विबीजपत्री. दोन्ही पाचव्याच गटातले, पण पोटभेद वेगळे. म्हणून भात आणि वरण यांच्यामध्ये ते चमच्याने एक चर ठेवत आणि मिसळण्याचं काम तोंडातच करत. अळूच्या फदफद्याबद्दल त्यांचं मत असं की अळू एकबीजपत्री असूनही त्याच्या पानाला जाळीच्या शिरा असतात, म्हणजे आधीच ते झाड संशयास्पद; त्यात हरभऱ्याची डाळ घालणं म्हणजे अराजक. दोनदा मागून घेत, ही गोष्ट वेगळी.

अळंबीचा विषय मात्र त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. त्यांच्या विद्यार्थिदशेत बुरश्या आणि अळंब्या थॅलोफायटातच धरत. पुढे शास्त्रज्ञांनी त्यांना वनस्पतींतून काढून वेगळी सृष्टी दिली. सरांनी हा निर्णय स्वीकारला, पण घरातून सून वेगळी निघावी तसा. जुलैत महाडच्या बाजारात डोंगरातल्या बायका अळंबी घेऊन बसतात. एकदा सर एका म्हातारीच्या पाटीसमोर थांबले आणि म्हणाले, "बाई, हे भाजीत विकू नये. ही वनस्पती नाही."

म्हातारीने त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. "मग नको घेव. वनस्पती त्या अंगाला हाय. टाकला, भारंगी. जा तिकडं."

"मी शास्त्र सांगतोय."

"माजा नवरा पन सांगायचा," म्हातारी म्हणाली. "सरक जरा, गिराईक हाय मागं."

सरांचं खरं आयुष्य होतं ते कॉलेजच्या गेटपासून मागच्या कुंपणापर्यंत पसरलेली त्यांची बाग. तिला बाग म्हटलेलं त्यांना चालत नसे. 'वर्गीकृत वनस्पती उद्यान' म्हणावं लागे. पाच गटांचे पाच वाफे एकापुढे एक, मध्ये लाल-पांढऱ्या रंगवलेल्या विटांच्या ओळी, प्रत्येक वाफ्याला पत्र्याची पाटी. पहिल्या वाफ्यात सिमेंटचं टाकं होतं आणि त्यात शेवाळ. संपूर्ण उद्यानात न सांगता, न मागता वाढणारी तेवढी एकच गोष्ट. दुसऱ्यात विटांवर मॉस, त्यावर उन्हाळ्यात ओली पोती. तिसऱ्यात कशेडी घाटातल्या दगडी भिंतींवरून आणलेले नेचे. पाचव्यात जास्वंदीपासून बांबूपर्यंत सगळा गाव. गेटपाशी एक बाण काढलेला होता: 'उत्क्रांतीची दिशा'. पाहणाऱ्याने बाणाप्रमाणेच चालायचं. कोणी मागच्या कुंपणाकडून शिरून पाचव्यातून पहिल्याकडे येऊ लागला तर सर त्याला थांबवून, फिरवून, गेटपाशी नेऊन सोडत.

असंच त्यांनी एकदा संस्थेच्या चेअरमनना थांबवलं. चेअरमनांचा खडीचा क्रशर आहे आणि संस्था त्यांच्या वडिलांच्या नावाची आहे. ते मागच्या बाजूला गाडी लावून मोबाइलवर बोलत बोलत आले आणि थेट शेवाळाच्या टाक्यापाशी पोचले.

"साहेब, आपण उलटे आलात," सर म्हणाले. "माणसापासून निघून शेवाळाशी आलात."

सोबतचे दोघं हसले. चेअरमनांनी फोन खिशात ठेवला आणि बागेकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. आपल्या मालकीची एवढी मोकळी जागा इथे आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं. पुढच्याच बैठकीत दुचाकी स्टँडचा विषय आला. चेअरमन काही चुकीचं बोलत नव्हते, हे मी नमूद करतो. मुलांच्या मोटरसायकली बाहेर रस्त्याला लागत आणि एमआयडीसीकडे जाणारे टँकर त्यांना घासून जात. "एखादं पोर जाईल तेव्हा तुमचं शेवाळ येणार हाय का घरी सांगायला?" चेअरमनांनी विचारलं. सर म्हणाले, "शेवाळाला मी कमी लेखत नाही."

आता चौथ्या वाफ्याचं सांगतो. मी मुद्दामच तो मघाशी वगळला, कारण त्यात काही नव्हतं. अनावृत्तबीजींना महाड मानवत नाही. सर पुण्याच्या नर्सरीतून सायकस आणत, पेढ्याच्या खोक्यासारखा मांडीवर धरून आणत, लावत. पावसाळ्यात बागेत पाणी तुंबे आणि सायकस बुडापासून कुजत जाई. गावातही पाणी चढलं की मग प्रश्नच मिटे. दर दिवाळीत नवा सायकस येई आणि दर पोळ्याच्या आत त्याचं होऊन जाई. प्राचार्य एकदा म्हणाले, "सर, कुंडीतला आणून ठेवा ना. कुठे पाणी भरलं तर उचलता येईल."

"कुंडीतलं झाड पाहुणा असतं," सर म्हणाले. "पाहुण्याला रहिवासी दाखवणं ही फसवणूक आहे." त्यामुळे वाफा रिकामा आणि पाटी मात्र झोकात.

या रिकाम्या चौथ्या वाफ्याच्या विटा संपताच, पाचव्याच्या अगदी पहिल्या कोपऱ्यात, सुरूचं एक उंच झाड होतं. श्रीवर्धनकडच्या किनाऱ्यांवर रांगेने असतात, त्यातलं. हा सुरू सरांनी तिथे मुद्दाम लावला होता, कारण तो त्यांचा सापळा होता. सुरूला पाहून कोणीही म्हणेल, हा पाइनचा भाऊ. सुईसारखी पानं, शंकूसारखी फळं. प्रत्यक्षात तो पाचव्या गटातला, फुलाफळांचा. त्या सुया म्हणजे पानं नाहीत, डहाळ्या. खरी पानं त्यांच्या सांध्यांवर, भिंगाशिवाय न दिसणारी. आणि तो शंकूही नाही, फळांचा गठ्ठा. दर वर्षी तोंडी परीक्षेत सर सुरूची डहाळी मुलाच्या हातात देत आणि डोळे मिटून वाट बघत.

"अनावृत्तबीजी, सर."

"चूक. बस खाली."

हे तीन शब्द ते इतक्या वेळा आणि इतक्या आनंदाने म्हणत की बाहेर पॅसेजमध्ये उभी असलेली मुलं ते त्यांच्याबरोबरच पुटपुटत. मग सर डोळे उघडून सांगत, "दिसण्यावर जाऊ नका. बी उघडं आहे की झाकलेलं, एवढंच विचारा. वर्गीकरण म्हणजे बांध. बांध हलला की शेत गेलं."

या शेवटच्या वाक्यामागे घरची हकिगत होती. सरांचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला. तिथे त्यांच्या वडिलांची आणि काकांची भातखाचरं लागून. काकाने दर पावसाळ्यात, चिखल मऊ असताना, बांध वीतभर कोरून पलीकडे सारायचा. भावाने तक्रार केली की म्हणायचा, पाण्याने सरला. दोघंही म्हातारे होऊन गेले. बांधाची केस मागे राहिली, आणि ती सर आणि त्यांचा चुलतभाऊ पुढे चालवत होते. सर तारखेला जाताना इस्त्रीचा सदरा घालत. "जगात चोर पुष्कळ असतात," ते म्हणायचे, "पण बांध कोरणारा माणूस चोराच्याही खालचा." कितव्या गटातला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "त्याला गटच नाही."

एवढी पार्श्वभूमी पुरे.

त्या वर्षी बाहेरगावची तपासणी समिती यायची ठरली. कॉलेजला दर्जा देणारी. प्राचार्यांनी चेअरमन आणि सर यांच्यात तोड काढली: समितीने उद्यानाला चांगलं म्हटलं तर स्टँड जिमखान्यामागे होईल, नाही म्हटलं तर इथे. चेअरमन कबूल झाले. ते सौदा करायला कधीच नाही म्हणत नाहीत. सरांची निवृत्ती जवळ आली होती. विभागात तिसऱ्या वर्षाला एक बाक भरेल इतकीच मुलं उरली होती. आपल्यानंतर काही राहील तर ही बागच, हे त्यांना कळत होतं. ते बोलून मात्र दाखवत नव्हते. फक्त रोज सकाळी पोती भिजवायला शिपायाऐवजी स्वतः येऊ लागले.

आणि जानेवारीत त्या वर्षीचा सायकस पिवळा पडून आडवा झाला. या वेळी पावसाचं निमित्तही नव्हतं.

समिती सोमवारी येणार होती. रविवारी मी लायब्ररीत पुस्तकांच्या पाठी पुसत होतो. माझी खिडकी बागेवर उघडते. दुपारच्या उन्हात सर आणि आमचे शिपाई लक्षूमामा उकिडवे बसून विटा उपटत होते. मी खाली गेलो. चौथ्या आणि पाचव्या वाफ्यांमधली विटांची ओळ निघून सुरूच्या पलीकडे लागत होती. सुरू न हलता चौथ्या गटात चालला होता.

लक्षूमामांचं गावही सरांच्याच बाजूचं. ते म्हणाले, "सर, बांध पावसात सारतात. आता सुकी माती हाय. व्रण दिसतो."

"हा बांध नाही, लक्ष्मण. ही रेषा आहे."

"आमचा काका पन असंच म्हनायचा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नव्हतो. तरी ते म्हणाले, "शास्त्रात पुनर्वर्गीकरण होत असतं. अळंबीचं झालं तेव्हा कुणी ओरडलं नाही." मग हातातली वीट झटकत, "दोन दिवसांचा प्रश्न आहे. बुधवारी परत लावू. तुमचं काय मत?"

"मी थॅलोफायटा," मी म्हणालो. "मला मत कुठलं?"

ते हसले नाहीत. लक्षूमामांनी जुन्या ओळीच्या व्रणावर पालापाचोळा ओढला. अनुभवी हात होता.

सोमवारी समिती आली. समितीप्रमुख पदार्थविज्ञानातले, निवृत्त कुलगुरू; शाल घेताना मान किती झुकवायची याचा त्यांना दांडगा सराव होता. बागेची माहिती द्यायला सरांनी तिसऱ्या वर्षाची श्रुती उभी केली होती. ही पोलादपूरहून रोज यष्टीने येणारी मुलगी, त्या एका बाकावरची सगळ्यांत हुशार. तीही पहिल्या वर्षी सुरूच्या सापळ्यात सापडली होती आणि त्यानंतर आयुष्यात कधी सापडणार नव्हती. आदल्या संध्याकाळी सरांनी तिला फोन करून सांगितलं होतं की उद्यापुरता सुरू चौथ्यात आहे. तिने "हो सर" म्हटलं होतं. दुसरं काय म्हणणार?

मंडळी बाणाप्रमाणे चालली. शेवाळ पाहून झालं. ओल्या पोत्याखालचं मॉस पाहून प्रमुखांनी "वा" म्हटलं. नेच्यांपाशी फोटो झाला. चेअरमन मागून घड्याळ बघत येत होते. चौथ्या वाफ्यात सुरू वाऱ्याने सळसळत उभा होता आणि त्याच्यासमोर 'अनावृत्तबीजी' ही पाटी.

प्रमुख थांबले. "पाइन? कोकणात?" त्यांचा चेहरा खरोखर उजळला. "अहो, मी हा सिमल्याला पाहिला होता. इकडे कसा जगवलात?"

सरांचा हात सदऱ्याच्या कॉलरपाशी गेला.

"श्रम आहेत यामागे," प्रमुख समितीतल्या इतरांना म्हणाले. "बघा, या सुईसारख्या पानांमुळे बर्फ टिकत नाही झाडावर. आणि हे शंकू. यात बी उघडं असतं. काय?" मग श्रुतीकडे वळून, "सांग बाळ, हे झाड कोणत्या गटातलं?"

प्राचार्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तो मला ऐकू आला. बाग वाचली होती. आता एका शब्दाचं काम होतं आणि तो शब्द पाटीवर लिहिलेलाच होता.

श्रुतीने जमिनीकडे बघत म्हटलं, "अनावृत्तबीजी, सर."

"चूक. बस खाली."

हे सर म्हणाले. मुद्दाम म्हणाले असं मला आजही वाटत नाही. ठसका लागतो तसं आलं ते. तोंडाबाहेर पडल्यावर त्यांनाच धक्का बसलेला दिसला. बसायला जागा नव्हती म्हणून श्रुती उभीच राहिली.

"पण सर, कालच तुम्ही..." ती म्हणाली.

"काल मी चूक सांगितलं."

"पाटीवर तर तेच लिहिलंय," प्रमुख म्हणाले. आवाजातली शाल जराशी घसरली होती.

"पाटी बरोबर आहे. झाड चुकीच्या जागी आहे. म्हणजे झाड त्याच्याच जागी आहे, विटा चुकीच्या आहेत." सरांनी एक डहाळी तोडली आणि सवयीने प्रमुखांच्याच हातात दिली. "हा सुरू. ही पानं नाहीत, डहाळ्या. हे शंकू नाहीत, फळं. बी झाकलेलं आहे. गट पाचवा. बांध मी सरकवला."

मागे चेअरमन लक्षूमामांना हळूच विचारत होते, "काय सरकवलं म्हणाले?"

"बांध," लक्षूमामा म्हणाले.

"सरांनी?"

"व्हय. कबूल पन केलं." हे सांगताना लक्षूमामांना काय वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं: इतकी वर्षं गावात बांध सरताना पाहिले, पण असला येडा पाहिला नाही.

प्रमुखांनी डहाळी न बघता समितीच्या सेक्रेटरीकडे दिली. आपण सिमल्याचा दाखला देऊन बसलो आहोत आणि आपल्याला चारचौघांत तोंडी परीक्षेला बसवलं गेलं आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. दुपारी समारोपाच्या बैठकीत त्यांनी लायब्ररीबद्दल दोन चांगले शब्द काढले, जे मी इथे देत नाही. उद्यानाबद्दल ते म्हणाले की मांडणीत गोंधळ आहे, पाट्या आणि झाडं जुळत नाहीत, विद्यार्थ्यांची दिशाभूल होते. "मात्र तो पाइन दुर्मीळ आहे," त्यांनी शेवटी सांगितलं. "संस्थेने तो अवश्य जपावा."

सरांनी हात वर केला. प्राचार्यांनी त्यांचा हात धरून खाली घेतला आणि चहा आला.

त्या हकिगतीला महाडहून पोलादपूरला पोचायला एक यष्टी लागली. पुढच्या तारखेला कोर्टाच्या आवारात चुलतभाऊ भेटला. गेल्या कित्येक वर्षांत तो सरांशी बोलला नव्हता, त्या दिवशी बोलला. "काय रे दादा," तो म्हणाला, "तुम्ही उगाच माझ्या बापाला नावं ठेवीत बसलात. घराण्यातच हाय ना आपल्या." आणि मग खऱ्या कुतूहलाने, "पन सांगितलंस कशाला? कोनी बघितलं नव्हतं ना?"

सरांनी ही गोष्ट मला सांगितली तेव्हा ते त्या प्रश्नापाशी अडकले होते. "मला उत्तर देता येईना," ते म्हणाले. "काय सांगणार? तोंडातून निघालं, म्हणू? त्याला वाटेल मी वेड्यांत काढतोय त्याला." मी म्हणालो की एखादं भारदस्त कारण सांगायचं. सत्य, शास्त्र, वगैरे. त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच, मी एखादा प्रगत नमुना असल्यासारखं पाहिलं. "खरंच की," ते म्हणाले. "तेव्हा सुचलं नाही."

समिती गेल्यावर बुधवारी, ठरल्याप्रमाणे, त्यांनी विटा परत जुन्या ओळीत लावल्या. लक्षूमामांनी सांगून पाहिलं की बाग जाणारच आहे, तर कशाला पाठ मोडून घेताय. सर एकेक वीट दोरीवर धरून बसवत राहिले. संपल्यावर उठले, लांब जाऊन पाहिलं, एक वीट बोटभर आत घेतली. पुढच्या महिन्यात जेसीबी आला तेव्हा बांध अगदी जागेवर होता. जेसीबीला त्याचा काही फरक पडला नाही.

सर आता गावी राहतात. केस चालू आहे. वहिनी म्हणतात, आता अंगणातल्या तुळशीला एकबीजपत्री गवताचा त्रास होऊ नये म्हणून तिथेही विटांची ओळ घातली आहे. मला ते अधूनमधून फोन करतात. परवा म्हणाले, तुमचा फेरविचार केला आहे, तुम्ही ब्रायोफायटात बसाल. मी आभार मानले.

दुचाकी स्टँड छान झाला आहे. गाड्या आता रस्त्याला लागत नाहीत. उद्यानातलं सगळं काढलं, फक्त समितीच्या सूचनेनुसार ते एक झाड ठेवलं आहे. त्याच्याभोवती कट्टा बांधला आहे आणि चेअरमनांनी स्वखर्चाने ग्रॅनाइटची पाटी बसवली आहे: 'पाइन वृक्ष'. सावली म्हणावी अशी त्याची पडत नाही, तरी मुलं सवयीने त्याच्याच खाली गाड्या लावतात. उन्हाळा लागला की सीटवर पिवळट भुकटी दिसते. त्याच्या फुलांची असते. फडक्याने पुसली की जाते.